ब्रिजेट जोन्सची डायरी: आकडे कोणाचे, हसू कोणावर?

मेथीदाणा (धागाकर्ती)

हेलन फिल्डिंगच्या 'ब्रिजेट जोन्सेस डायरी'चा विषय निघाला की पाच-सहा प्रतिसादांत दोन तट पडतात. एका तटाच्या मते एकट्या राहणाऱ्या बाईची इतकी खरी आणि इतकी हसवणारी डायरी दुसरी नाही. दुसऱ्याला प्रश्न पडतो की वजन, वाइन आणि पुरुष यांपलीकडे डोक्यात काही नसलेल्या बाईला नायिका कशाला करायचं. दोन्हीकडच्या लोकांनी पुस्तक नीट वाचलेलं असतं. त्यामुळे भांडण समजुतीच्या घोटाळ्यातून येत नाही, ते पुस्तकाच्या बांधणीतूनच येतं, असं मला वाटतं. ती बांधणी इथे उलगडून बघू या.

२८ फेब्रुवारी १९९५ला लंडनच्या 'इंडिपेंडंट' या वर्तमानपत्रात ही डायरी सदर म्हणून सुरू झाली, लेखिकेचं नाव न देता. १९९६मध्ये पिकाडोरने कादंबरी काढली आणि २००१मध्ये चित्रपट आला.

आता एका नोंदीचे भाग बघा. वर तारीख. खाली वजन, दारूची युनिटं, सिगारेटी, कॅलरी. त्यापुढे त्या दिवसापुरतं एखादं मोजमाप: लॉटरीची तिकिटं, नकारात्मक विचार, किंवा १४७१ किती वेळा फिरवला (शेवटचा फोन कुठून आला ते सांगणारा ब्रिटनमधला क्रमांक). प्रत्येक आकड्यामागे कंसात शेरा, शाळामास्तरांनी वहीवर द्यावा तसा. मग दिवसाचा मजकूर, वेळेनुसार तुकड्यांत. म्हणजे निकाल आधी, सबब नंतर आणि घटना सगळ्यात शेवटी. हसू पिकतं ते या उलट्या क्रमामुळे. घटना आधी आली असती तर तीच नोंद कीव करण्याजोगी झाली असती.

आकडे तपासले की आणखी एक गोष्ट कळते. १ जानेवारीला वजन ९ स्टोन ३ पौंड, म्हणजे साडेअठ्ठावन्न किलो. (१ स्टोन म्हणजे १४ पौंड, ६.३५ किलो.) उंची १६२ सेंटिमीटर धरली तर बीएमआय २२च्या थोडा वर येतो, म्हणजे ही बाई जाड नाहीच. एप्रिलमध्ये ती ८ स्टोन ७ला पोचते. १८ वर्षं जे ध्येय डोळ्यांपुढे होतं ते हेच, ५४ किलो. त्या दिवशी मित्रमंडळी काय म्हणतात? थकलेली दिसतेस, आधी बरी दिसायचीस. साडेचार किलोंपायी आयुष्याची अठरा वर्षं गेली आणि ती कोणाच्या नजरेतही भरली नाहीत. ज्यांना हे पुस्तक वजनाचं वेड पसरवणारं वाटतं त्यांनी ही एक नोंद पुन्हा वाचावी.

वर्षअखेरची गोळाबेरीजही बघा. वाढलेलं वजन ५ स्टोन २ पौंड, घटलेलं ५ स्टोन ३ पौंड. बारा महिन्यांची कमाई एक पौंड. कॅलरी एक कोटी दहा लाखांच्या वर, म्हणजे दिवसाला सरासरी तीस हजार! माणूस इतकं खाऊच शकत नाही. फिल्डिंगने बेरीज मुद्दाम बेताल ठेवली आहे, असं मी मानते. मोजणाऱ्या बाईपेक्षा मोजण्याच्या सवयीवरच ती हसते आहे.

अर्धविराम

एप्रिलची नोंद उत्तम आहे, ते मान्य. पण कादंबरी एप्रिलमध्ये संपत नाही. डिसेंबरमध्ये नायक मार्क डार्सी तिला सफोकमधल्या हिंटलशॅम हॉलला घेऊन जातो आणि गोष्ट संपते. पहिल्याच संकल्पांत ब्रिजेट लिहिते की प्रियकर नाही म्हणून कुढणार नाही, मन स्थिर करीन, कारण प्रियकर मिळवण्याचा तोच उत्तम मार्ग. हा विनोद अव्वल आहे. आणि शेवटी कथानक तोच विनोद खरा करून दाखवतं! वर्षभर ज्या कल्पनेची टर उडवली, बक्षीसही तिलाच. माझा आक्षेप या बक्षिसाला आहे. ब्रिजेट सिगारेट ओढते की वाइन पिते याच्याशी मला काही घेणं नाही.

जेन ऑस्टिनशी ताडून बघा. सांगाडा 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा आहे, हे फिल्डिंगने स्वतःच उघड सांगितलं आहे. पण ऑस्टिनच्या ३४व्या प्रकरणात नायिका एलिझाबेथ तिथल्या डार्सीची लग्नाची मागणी समोरासमोर नाकारते. का नाकारते तेही सांगते. ३५व्यात त्याचं पत्र येतं आणि तिला स्वतःचा ग्रह तपासावा लागतो. कादंबरीचा कणाच तो. फिल्डिंगकडे त्या जागी काय आहे? मार्क जेवायला न्यायला येतो, बेल वाजवतो, आणि ब्रिजेट केस वाळवत असल्यामुळे तिला ऐकू येत नाही. तो आलाच नाही असं ती धरून चालते. एलिझाबेथचा गैरसमज तिच्या स्वभावातून येतो, ब्रिजेटचा हेअर ड्रायरमधून. पुढे आईचा लबाड प्रियकर हुलिओ पकडला जातो तोही मार्कमुळे. निर्णय, नकार, पश्चात्ताप हे सगळं नायिकेच्या हातून काढून घेतलं की उरते ती हसवणारी, पण निष्क्रिय बाई.

रुईफूल

अर्धविराम, बेलचा मुद्दा बिनतोड आहे. पण 'निष्क्रिय' म्हणताना डॅनियल क्लीव्हर सुटला की. तो तिचा ऑफिसातला वरिष्ठ आणि प्रियकर, त्याच्या घरात दुसरी बाई निघते. त्यानंतर ब्रिजेट प्रकाशनातली नोकरी सोडून टीव्हीत जाते. हा निर्णय तिचाच. हो, त्यात धडपड खूप आहे आणि शौर्य कमी.

कोरा कागद

जुनी टीकाही या धाग्यात यायला हवी, कारण आजचे बरेच आक्षेप तिथलेच आहेत.

जून १९९८मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर प्रश्न टाकला की स्त्रीवाद मेला का. चित्रात सुझन अँथनी, बेटी फ्रीडन, ग्लोरिया स्टायनम या स्त्री-चळवळीतल्या नेत्या आणि चौथी अ‍ॅली मॅकबील, एक टीव्ही मालिकेतलं पात्र. आतल्या लेखात ब्रिजेटही आरोपीच्या पिंजऱ्यात. ऑगस्ट २००१मध्ये कादंबरीकार बेरील बेनब्रिजने या साऱ्या लेखनप्रकाराला ('चिक लिट') नुसता फेस म्हटलं. दारू पिऊन वजनाची चिंता करणाऱ्या असहाय मुलींपेक्षा या लेखिकांनी स्वतःचं आयुष्य जसं दिसतं तसं लिहावं, असं लेखिका डोरिस लेसिंगने सुचवलं. अभ्यासक अँजेला मॅकरॉबीची टीका जास्त खोलवरची. स्त्रीवाद आता झालाच, त्याची गरज संपली, असं गृहीत धरून त्याला हसत बाजूला सारण्याची एक रीत तिला या गोष्टीत दिसते.

मॅकरॉबीचं म्हणणं मला विचार करण्यासारखं वाटतं, लेसिंगचं नाही. लेसिंगला हवं होतं ते 'स्वतःचं आयुष्य जसं दिसतं तसं' १९९५ सालच्या लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या कितीतरी बायकांना या सदरात दिसत होतं, म्हणून तर ते चाललं. शिवाय आपल्याकडचंच बघा ना. चिं. वि. जोशींचा चिमणराव भित्रा, वेंधळा, बायकोपुढे गडबडणारा. तो समस्त पुरुषजातीचा अपमान आहे असं कोणी म्हटलं का? इंग्रजीतला मिस्टर पूटर १८९२चा, एड्रियन मोल १९८२चा. दोघेही डायरी लिहिणारे, स्वतःविषयी भ्रमात असणारे. पुरुष पात्र फजित झालं की तो एक माणूस फजित होतो. बाई फजित झाली की तिच्याबरोबर सगळ्या बायकांना साक्षीला उभं करतात. वाचकांच्या फुटीचा मोठा भाग मला इथे दिसतो.

अर्धविराम

पूटरचं उदाहरण इथे लागू पडत नाही. पूटरवर लेखक वरून हसतात आणि वाचकाला ते कळतं. ब्रिजेटच्या बाबतीत 'ही मीच' असं म्हणत वाचक तिच्या बाजूला उभे राहतात. एखादं पात्र आरसा म्हणून विकलं जात असेल तर आरशात काय दिसतं हा प्रश्न रास्तच आहे. २०१६मध्ये बीबीसी रेडिओच्या 'वुमन्स अवर'ने ७० वर्षांत स्त्रियांच्या आयुष्यावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या सात जणींची यादी केली. मार्गारेट थॅचर पहिली, आणि त्याच यादीत ब्रिजेट जोन्स! कादंबरीतल्या बाईला अशा यादीत बसवल्यावर 'ती तर एकच बाई आहे' हा बचाव टिकत नाही.

कोरा कागद

ती यादी रेडिओने केली. फिल्डिंगने नाही.

शेवंती_७

वयाची धास्ती कुठून आली हे कळल्याशिवाय या कादंबरीतला विनोद अर्धाच कळतो. १९८६मध्ये अमेरिकेत एका अभ्यासाचा गाजावाजा झाला. चाळीस वर्षांच्या अविवाहित शिकलेल्या बाईचं लग्न होण्याची शक्यता २.६ टक्के, असा त्यातला आकडा. 'न्यूजवीक'ने त्यावर मुखपृष्ठकथा केली आणि त्यापेक्षा दहशतवाद्याच्या हातून मरण्याची शक्यता जास्त असंही लिहून टाकलं. १९९१च्या 'बॅकलॅश'मध्ये सुझन फलूदीने तो आकडा आणि त्यामागची पद्धत चिरफाड करून दाखवली. 'न्यूजवीक'ने चूक कबूल केली २००६मध्ये, वीस वर्षांनी.

आता ब्रिजेटच्या आईवडिलांची मैत्रीण ऊना अल्कनबरी हिच्या घरची १ जानेवारीची टर्की-करीची मेजवानी आठवा. मार्क विचारतो, हल्ली काही वाचलंस का. ब्रिजेट ऐटीत सांगते, सुझन फलूदीचं 'बॅकलॅश'. प्रत्यक्षात तिच्या हातात असतं पुरुष मंगळावरचे आणि बायका शुक्रावरच्या असं सांगणारं पुस्तक. फिल्डिंगने हे नाव सहज टाकलेलं नाही. जे पुस्तक ब्रिजेटची भीती खोटी ठरवतं तेच तिने वाचलेलं नाही, नुसतं वाचल्याचं सांगते. एकटीच मरू आणि तीन आठवड्यांनी अल्सेशियनने अर्धवट खाल्लेल्या अवस्थेत सापडू, ही तिची कल्पना त्याच वातावरणात वाढली आहे. मॅकरॉबीला म्हणायचं असेल की स्त्रीवाद इथे फॅशनसारखा वापरलाय, तर ती थट्टा स्वतः लेखिकेनेच आधी केली आहे.

आणि ऊनाचा प्रश्न! प्रेमप्रकरण कसं चाललंय, हे सगळ्यांसमोर विचारणं. 'यंदा कर्तव्य आहे का'चं लंडनी भावंडच.

मेथीदाणा

शेवंती, फलूदीचा दुवा नेमका सापडवलात. शॅझरचं पात्रही याच ओळीत बसतं. ब्रिजेटच्या मैत्रिणींत स्त्रीवादाची भाषणं तिच्याच तोंडी आहेत: स्वतःची मिळकत, स्वतःचं घर असलेली आपली पहिली पिढी, आपण नव्या काळाचे अग्रदूत वगैरे. भाषण रंगात येतं आणि तेवढ्यात दुसरी मैत्रीण ज्यूड तिच्या प्रियकरासाठी, त्या नीच रिचर्डसाठी, रडायला लागते. एका वाचकाला इथे स्त्रीवादाची खिल्ली दिसते, दुसऱ्याला विचार आणि मन यांतलं अंतर. ब्रिजेटचा मित्र टॉम याला मात्र सगळे विसरतात. तो नाहीसा होतो, सगळे काळजीने हैराण, आणि अखेर कळतं की त्याने नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली. शरीराची धास्ती फक्त बायकांची नाही हे फिल्डिंगने त्याच्याकरवी दाखवलं आहे.

घडीची_पोळी

ब्रिजेट पाहुण्यांसाठी जेवण करते त्या स्वयंपाकाच्या प्रसंगावर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. चित्रपटात ते जेवण वाढदिवसाचं आहे. पुस्तकात वाढदिवस मार्चमध्ये येतो आणि निळं सूप नोव्हेंबरमध्ये. मधल्या आठ महिन्यांत ब्रिजेट काही शिकलेली नाही हे पुस्तकात कळतं, चित्रपटात हरवतं.

ती मार्को पिअर व्हाइटच्या पुस्तकातले पदार्थ निवडते. तीन मिशेलिन तारे मिळवलेला हा शेफ. त्याच्या एका ताटामागे आधी करून ठेवलेला स्टॉक, गाळलेली प्युरी, वेगळं शिजवलेलं गार्निश आणि हाताशी माणसं असतात. भाज्या बांधायला ती रंगीत दोरा वापरते, रंग उकळत्या पाण्यात उतरतो, सूप निळं होतं. तिथे बिनरंगी सुती दोराच लागतो. संत्री साखरेत जास्त वेळ आटली की सालीतलं पेक्टिन धरतं, म्हणून पाकातल्या संत्र्यांचा मार्मलेड होतो. चुका अगदी शास्त्रशुद्ध आहेत! मूर्ख बाई म्हणून हा प्रसंग वाचला तर हातचं बरंच जातं. उपाहारगृहाच्या भटारखान्यातलं काम घरच्या दोन शेगड्यांवर, नोकरीवरून आल्यावर, एकटीने करून दाखवायचं, ही अपेक्षाच फसवी आहे. मासिकं तेव्हा तेच विकत होती आणि आता मोबाईलवर तेच विकलं जातं.

तळटीप

पुस्तक आज पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी.

दारूचं ब्रिटिश युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. १२ टक्क्यांच्या वाइनचा १७५ मिलीचा पेला सुमारे २ युनिटं. सदर सुरू झालं तेव्हा स्त्रियांसाठी मर्यादा आठवड्याला १४ युनिटं सांगितली जायची. ब्रिजेटची वर्षाची बेरीज ३८३६, म्हणजे आठवड्याला साधारण ७४, मर्यादेच्या पाचपट. हा आकडा कॅलरीसारखा अशक्य नाही, म्हणून इथे हसू अडतं. मेथीदाणा, बेरीज मुद्दाम बेताल आहे हे कॅलरींना लागू होतं, दारूला नाही. सिगारेटी ५२७७, दिवसाला १४-१५. त्याही खऱ्या वाटतात.

दुसरं, डॅनियलचे ऑफिसातल्या संगणकावरचे निरोप. तिच्या आखूड स्कर्टची चौकशी, स्कर्ट आजारी आहे का वगैरे. १९९६च्या वाचकाला ही चावट जुगलबंदी वाटली. आज वाचणाऱ्याला आधी दिसतं की हा तिचा वरिष्ठ आहे. ब्रिजेट तितक्याच हुशारीने उत्तरं देते हे खरं, पण ती नाराज झाली असती तर तिने तक्रार कुठे केली असती, याचं उत्तर पुस्तकात नाही. तरुण वाचक इथे थांबतात आणि त्यांचं थांबणं बरोबर आहे.

तिसरं, मार्कच्या जपानी घटस्फोटित बायकोबद्दल ब्रिजेटच्या आईचे उद्गार. तिथे लेखिका आईच्या कोतेपणावर हसते आहे, ते स्पष्ट कळतं. हुलिओचं तसं नाही. तो पोर्तुगीज, गोडबोल्या आणि लबाड. हा साचा आईच्या तोंडचा नाही, कथानकानेच तो खरा ठरवला आहे. पुस्तकाची खरी कमजोर जागा मला ही वाटते. अर्धविराम म्हणतात त्या बक्षिसापेक्षाही.

रुईफूल

तळटीप, दारूच्या आकड्याबद्दल एकशे एक टक्के सहमत. पहिल्यांदा वाचताना तो नजरेतून निसटतो, कारण कंसातला शेरा आधी हसवतो.

पिंपळपान

मराठी वाचकाला एक गोष्ट आठवावी. १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं त्या कथांनी उघड्यावर आणलं आणि केवढी खळबळ उडाली. नावामागे कोण, यावर चर्चा झडल्या. पुढे कळलं, मालतीबाई बेडेकर. फिल्डिंगचं सदरही आधी निनावी होतं, पण कारणं वेगळी. मालतीबाईंना समाजाच्या रोषाची धास्ती होती. फिल्डिंगला डायरी खऱ्याच बाईची वाटायला हवी होती. आपल्याकडे हा विषय निःश्वासाने सुरू झाला आणि बराच काळ गंभीरच राहिला. एकट्या बाईने स्वतःवर हसणं म्हणजे हार मानणं, असं आपल्या काही वाचकांना वाटतं त्यामागे हा इतिहासही असावा.

कोरा कागद

वाचनगटात हे पुस्तक घेणार असाल तर चर्चा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरते: 'असं जगणं बरं की वाईट'. ते टाळायचं तर आधी ठरवा की बोलायचं पुस्तकावर. चित्रपटाच्या आठवणी बाजूला ठेवायला सांगा, कारण चित्रपटात ब्रिजेट झालेली रेने झेलवेगर डोळ्यांपुढे आली की ५८ किलोंची बाई जाड वाटू लागते. प्रत्येकाने वाचताना समासात पेन्सिलने खूण करावी, ब्रिजेटवर हसलो तिथे एक, तिच्या भोवतालच्यांवर हसलो तिथे दुसरी. भेटल्यावर खुणा ताडून बघा. ब्रिजेटची मैत्रीण मॅग्डा आणि तिचा नवरा जेरेमी यांच्याकडचं विवाहित जोडप्यांचं जेवण मोठ्याने वाचा, तिथे दुसऱ्या खुणा भराभर पडतात. दोन तासांत १ जानेवारी, एप्रिलमधलं वजन, निळं सूप आणि वर्षअखेरची बेरीज एवढं नीट होतं. ऑस्टिन सोबत घ्यायची असेल तर ३, ३४, ३५, ५२ आणि ५८ ही प्रकरणं पुरे. पण ती शेवटी काढा. आधी काढलीत तर सगळी बैठक कोण कोणासारखं हे जुळवण्यात जाते.

एक कालक्रमही हाताशी असू द्या. बीबीसीची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सप्टेंबर-ऑक्टोबर १९९५मध्ये लागली, डार्सी म्हणून कॉलिन फर्थ. सदर फेब्रुवारीपासून चालू होतं. ब्रिजेट ती मालिका बघते हे कादंबरीतच आहे, आणि सहा वर्षांनी तिच्या मार्क डार्सीची भूमिका त्याच फर्थने केली.

मेथीदाणा

अर्धविराम, तुमच्या बक्षिसाच्या मुद्द्याला माझं उत्तर ब्रिजेटच्या तिसऱ्या पुस्तकात, २०१३च्या 'मॅड अबाउट द बॉय'मध्ये आहे. तिथे फिल्डिंगने मार्क डार्सीला मारून टाकलं. ब्रिजेट ५१ वर्षांची, विधवा, पदरी दोन मुलं. ही बातमी पुस्तकाआधी वर्तमानपत्रातल्या उताऱ्यातून फुटली आणि वाचक केवढे चिडले! पण एकटेपण हा लग्नाने कायमचा बरा होणारा आजार आहे, असं लेखिका मानत असती तर तिने हे केलं नसतं.

अर्धविराम

तिसऱ्या पुस्तकाने पहिल्याचा शेवट बदलत नाही. १९९६ सालच्या वाचकाच्या हातात फक्त हिंटलशॅम हॉल होता. डार्सी गेला तरी कथानक ब्रिजेटसाठी पुन्हा पुरुष शोधायला लागतंच. तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र मांडतो, कारण ती पुस्तकात आहे. त्या डायरीतही नोंदीच्या वर आकडे आहेत आणि त्यांत आता ट्विटरवरच्या अनुयायांची भर पडली आहे. लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला, तरी मोजणं सुटलेलं नाही. आकड्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं. शेवटाबद्दलचं पटत नाही.